तरता पूल आणि पूर्णेचा काठ



तरत्या पुलाविषयी बोलावयाचे ठरविले, तेव्हा अकोला-अमरावतीच्या श्रोत्यांपुढे हा विषय कशासाठी, असा प्रश्न एका स्नेह्याने मला केला. वऱ्हाडात समुद्र नाही, खाडी नाही, बंदर नाही. प्रश्न रास्त होता. तरीही मी विषय बदलला नाही. अकोट-तेल्हाऱ्याकडील लोकांना २०२२ च्या ऑक्टोबर महिन्यात जो अनुभव आला, त्याचा अर्थ लावताना मला दूरदेशीच्या तरत्या पुलांचाच इतिहास उपयोगी पडला. तो इतिहास प्रथम सांगतो आणि मग पूर्णेच्या काठी येतो.

नॉर्वे देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर बर्गन हे जुने बंदर-शहर आहे. त्याच्या उत्तरेस नूरहूरलान नावाचा किनारपट्टीचा मुलूख आहे. शहर आणि हा मुलूख यांच्यामध्ये समुद्राचा एक अरुंद पण विलक्षण खोल फाटा शिरलेला आहे. खोली सुमारे ५०० मीटर. एवढ्या खोल पाण्यात खांब उभा करणे व्यवहारात शक्य नाही. त्यामुळे तिकडील मंडळी शहरात कामाला, बाजाराला, दवाखान्याला जायची ती फेरीबोटीने. १९९४ मध्ये तेथे पूल झाला. त्याची एकूण लांबी सुमारे १,६०० मीटर असून त्यांपैकी १,२४६ मीटरचा भाग काँक्रीटच्या दहा पोकळ तराफ्यांवर तरंगतो. जहाजांना जाण्यासाठी एका टोकाला उंच पूल ठेवला आहे. विशेष असे की, हे तराफे तळाशी नांगरलेले नाहीत. सारा पूल धनुष्यासारखा वाकवून केवळ दोन्ही काठांना जखडलेला आहे. आपल्याकडील दगडी कमान पाण्यावर आडवी पाडली असती तर ती जशी दिसली असती, तसाच हा प्रकार होय. उभी कमान वरचे वजन दोन्ही टोकांना पोहोचविते. ही आडवी कमान लाटांचा आणि वाऱ्याचा रेटा टोकांना पोहोचविते.

काँक्रीट तरंगते कसे, असे विद्यार्थी विचारतील. शिक्षकांना वर्गात सांगता येईल असा हिशेब सोपा आहे. तळ दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद असलेली एक पोकळ पेटी घ्या. ती एक सेंटिमीटर अधिक बुडाली, तर एक घनमीटर म्हणजे एक टन पाणी बाजूला सरते आणि तेवढेच वजन ती अधिक पेलते. उतारूंनी भरलेली एस. टी. बस साधारण १५ टनांची धरली, तर तिच्या भाराने ही पेटी १५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही, इतकीच खाली जाईल. खांबाच्या पुलाला खालची जमीन आधार देते, तरत्या पुलाला पाणीच आधार देते. पेटीत मात्र पाणी शिरता कामा नये. या अटीकडे मी पुढे पुन्हा वळणार आहे.

ही कल्पना नवी नाही. इराणच्या झर्क्सीस राजाने इसवी सनापूर्वी ४८० मध्ये ग्रीसवर स्वारी करण्यासाठी सामुद्रधुनीवर नावांचे पूल बांधविले. आधीचे पूल वादळात मोडले, तेव्हा त्याने समुद्राला फटके मारविले, अशी कथा ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने नमूद केली आहे. पूल गेला की दोष पाण्याला देण्याची रीत बरीच जुनी दिसते.

आपल्या देशातील प्रसिद्ध तरता पूल हावड्याचा. सर ब्रॅडफर्ड लेस्ली या अभियंत्याने बांधलेला हा पूल १८७४ मध्ये खुला झाला आणि १९४३ मध्ये आजचा पोलादी पूल होईपर्यंत त्याने हावडा जिल्हा कोलकाता शहराशी जोडून ठेवला. जहाजे जाण्यासाठी त्याचा मधला भाग सोडवून बाजूला करावा लागे आणि तेवढा वेळ दोन्ही काठांवर गाड्या-घोडे, माणसे ताटकळत राहत. नागपूरमार्गे मुंबई-हावडा लोहमार्ग १९०० मध्ये सलग झाला. त्यानंतर बडनेरा किंवा अकोला स्थानकावर गाडीत बसून कोलकात्याच्या काँग्रेस अधिवेशनास जाणारे वऱ्हाडी प्रतिनिधी हावड्यास उतरत, ते नदी ओलांडून शहरात शिरत याच पुलावरून. म्हणजे तरता पूल वऱ्हाडी माणसाने पाहिलाच नव्हता, असे म्हणता येणार नाही.

आजही गंगेच्या काठी ‘पीपे का पुल’ हा शब्द लहान मुलालाही ठाऊक असतो. लोखंडी पीपे एकाशेजारी एक बांधून त्यांवर फळ्यांचा रस्ता करतात. प्रयागराजच्या २०२५ च्या महाकुंभात असे ३० पूल उभारले होते. परंतु महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. उत्तर प्रदेश व बिहारमध्ये असे अनेक पूल पावसाळ्याच्या तोंडावर सोडवून काठावर ओढून ठेवतात आणि पूर ओसरल्यावर पुन्हा जोडतात. जो पूल पुराशी झुंजू शकत नाही, त्याला पुरापूर्वी बाहेर काढण्याची व्यवस्था तेथे वर्षाच्या कामातच धरलेली आहे.

आता पूर्णेकडे वळू.

सातपुड्यात उगम पावून अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहत जाऊन जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळणारी ही नदी वऱ्हाडच्या सपाट प्रदेशाचा कणा आहे. दक्षिणेकडून पेढी, उमा, काटेपूर्णा, मोर्णा, मन तिला मिळतात. उत्तरेकडून चंद्रभागा, शहानूर, वान या सातपुड्याचे पाणी घेऊन येतात. या खोऱ्याच्या मध्यभागी खारपाणपट्टा आहे आणि तेथे गाळाचा थर शेकडो फूट खोल आहे. विहीर खणणाऱ्याला येथे कातळ लागत नाही, तसा पूल बांधणाऱ्यालाही लागत नाही. पाया गाळातच खोल न्यावा लागतो. त्यात भूजल खारे, म्हणजे लोखंडाला गंज लवकर.

अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराजवळच्या वॉशिंग्टन सरोवराची कथा यासारखीच आहे. सरोवर खोल आणि त्याखाली पुन्हा मऊ चिखलाचा जाड थर. खांब टेकावा कोठे हा प्रश्न. म्हणून १९४० मध्ये तेथे सुमारे दोन किलोमीटर लांबीचा काँक्रीटचा तरता पूल झाला. मग पूर्णेवर तसाच पूल का नको, असे कोणी विचारील. माझे उत्तर स्पष्ट आहे : पूर्णेच्या वाहत्या पात्रात बारमाही तरता पूल चालणार नाही. सरोवराचे पाणी आपली पातळी फारशी बदलत नाही. आपली नदी चैत्र-वैशाखात गुडघाभर असते, कोठे कोठे नुसती डबकी उरतात. आणि श्रावण-भाद्रपदात तीच नदी काठोकाठ भरून, मुळासकट उपटलेली झाडे, काटेरी झुडपे आणि पऱ्हाट्यांचे भारे घेऊन धावते. उन्हाळ्यात तराफे चिखलात बसतील आणि पुरात ओंडक्यांच्या माराने तुटतील. ज्यांना परदेशातील प्रत्येक गोष्ट गावी आणावीशी वाटते, त्यांना हे उत्तर आवडणार नाही. पण नदीचा स्वभाव आपल्या आवडीनिवडीवर ठरत नाही.

मग त्या पुलांपासून घ्यावयाचे काय? गांधीग्रामचे उदाहरण घेऊ.

अकोला-अकोट मार्गावर पूर्णेच्या काठी गांधीग्राम आहे. श्रावणातील अखेरच्या सोमवारी अकोल्याचे हजारो कावडधारी येथूनच पूर्णेचे पाणी भरून राजराजेश्वराच्या मंदिराकडे चालत निघतात. येथील ब्रिटिशकालीन पुलावरून अकोट तालुक्याचा आणि पलीकडील तेल्हारा भागाचा बहुतेक व्यवहार चाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये या पुलाला तडे गेल्याचे आढळले आणि तो वाहतुकीस बंद करण्यात आला. तो बंद करण्याचा निर्णय योग्यच होता, याविषयी दुमत नसावे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एस. टी. बसगाड्या उतारूंसह वाहून गेल्या, हे आपण विसरलेलो नाही. बंद केलेला पूल गैरसोय करतो. बंद न केलेला पूल जीव घेतो.

पण गैरसोय हा शब्द येथे फार सौम्य आहे. दिवस कोणते होते ते पाहा. कापसाची वेचणी सुरू होण्याचा हंगाम, सोयाबीन बाजारात नेण्याचे दिवस, समोर दिवाळी. अकोट बाजूच्या शेतकऱ्याला अकोल्याचा बाजार, विद्यार्थ्याला महाविद्यालय, कृषी विद्यापीठात काम असणाऱ्याला विद्यापीठ, आणि अडलेल्या बाळंतिणीला किंवा अपघातात सापडलेल्या माणसाला जिल्ह्याचे मोठे रुग्णालय हे सारे नदीच्या पलीकडे. वाहनांना दूरच्या फेऱ्याने जावे लागले. भाड्यात आणि इंधनात किती भर पडली याचा हिशेब करता येईल, पण रुग्णवाहिकेच्या वाढलेल्या वेळेचा हिशेब कोणत्या खात्यात लिहावयाचा?

या संकटात एक जुना मार्ग पुन्हा उपयोगी आला. अकोला-अकोट मीटरगेज लोहमार्ग रुंदीकरणासाठी २०१७ मध्ये बंद झाला होता. रस्त्याचा पूल बंद पडल्यानंतर, नोव्हेंबर २०२२ मध्ये, नव्या रुंद मार्गावर अकोला-अकोट गाडी धावू लागली. पूर्णेवर रेल्वेचा स्वतंत्र पूल होता म्हणून हे घडू शकले. पुढे पात्रात कमी उंचीचा तात्पुरता पूलही करण्यात आला. त्याचा स्वभाव आपल्या रपट्यासारखाच : कोरड्या दिवसांत सोय, पूर आला की पाण्याखाली.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील हूड कालव्याची हकिकत याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. नाव कालव्याचे असले तरी ती समुद्राचीच एक खोल शाखा आहे. १९६१ मध्ये तेथे तरता पूल झाला आणि फेरीबोटीचे दिवस संपले, असे सर्वांना वाटले. १३ फेब्रुवारी १९७९ रोजी प्रचंड वादळात त्या पुलाचा पश्चिमेकडील अर्धा भाग बुडाला. पूल पुन्हा सुरू होण्यास १९८२ चा ऑक्टोबर उजाडला. मधल्या साडेतीन वर्षांहून अधिक काळात लोकांनी काय केले? जी फेरीबोट पुलामुळे बंद झाली होती, तीच पुन्हा सुरू करण्यात आली. धक्क्याची जागा, वाट आणि ती चालविण्याचे ज्ञान अजून शाबूत होते.

मला आजच्या भाषणात मुख्यतः हेच सांगावयाचे आहे. पूल होताच त्या ठिकाणची आधीची वाट आपण पुसून टाकतो. जुन्या उताराकडे जाणारा रस्ता शेतात मिळून जातो, डोंगा कुजतो, नावाड्याची मुले दुसऱ्या धंद्याला लागतात, आणि मग पन्नास किंवा शंभर वर्षांनी पूल थकतो तेव्हा आपल्या हाती काहीच नसते. जेथे एका पुलावर एक संपूर्ण तालुका टांगलेला आहे, तेथे दुसरी वाट कागदावर नव्हे तर जमिनीवर जिवंत ठेवणे, हा पुलाच्या खर्चाचाच एक भाग मानला पाहिजे.

दुसरी वाट म्हणजे दरवेळी दुसरा मोठा पूलच असे नाही. ३० जुलै २०२४ रोजी केरळातील वायनाड जिल्ह्यात दरडी कोसळून चूरलमला येथील पूल वाहून गेला. सैन्याच्या अभियंत्यांनी सुट्या पोलादी चौकटी जोडून १९० फूट लांबीचा बेली पूल उभारला आणि १ ऑगस्टला त्यावरून वाहने जाऊ लागली. त्या तुकडीचे नेतृत्व करणाऱ्या मेजर सीता शेळके या आपल्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील. पूर्णेच्या रुंद पात्राला एवढ्याने भागणार नाही. पण तिच्या उपनद्या, मोठे नाले, मेळघाटातील ओढे यांना असा पूल पुरेसा ठरू शकतो. तसेच गंगाकाठच्या पीप्यांसारखी, केवळ हिवाळ्यापुरती जोडता येईल अशी सामग्री, जेथे बंधाऱ्यामुळे पाणी अडून संथ राहते तेथे उपयोगी पडू शकेल. तिचा विचार अभियंत्यांनी जागा पाहून करावा. उन्हाळ्यात पात्र कोरडे पडते तेथे ती निरुपयोगी होय.

आणि पोचरस्ता! आपल्या भागात नदी ओलांडण्याचा प्रश्न पाण्यापेक्षा काठाचा अधिक आहे. काळी माती भिजली की बैलाचे खूर रुततात आणि मोटारीची चाके नुसती फिरतात. ऋणमोचनच्या यात्रेत पूर्णेच्या पाण्यापर्यंत जाताना लोक चिखलात घसरत, रुतत. हे पाहून संत गाडगेबाबांनी स्वतः टोपल्या उचलून तो काठ नीट केला आणि पुढे तेथे घाट बांधला गेला. बाबांना स्थापत्यशास्त्राची पदवी नव्हती, पण अडचण पाण्यात नसून काठावर आहे, हे त्यांनी नेमके ओळखले होते. पुलाचे खांब आणि तुळ्या वेळेवर पूर्ण व्हाव्यात आणि पोचरस्त्याच्या जमिनीचा वाद वर्षानुवर्षे रेंगाळावा, असे प्रकार आपण सर्वांनी पाहिले आहेत. असा पूल नदीत उभा असलेला एक चबुतरा असतो. जमिनीच्या संपादनाविषयी शेतकऱ्याशी पहिले बोलणे सरपंचाने केले, तर कज्जे पुष्कळ कमी होतात. मोबदला योग्य आणि वेळेवर मिळाला पाहिजे, हे ओघाने आलेच.

आता त्या पोकळ पेटीकडे परत येतो. वॉशिंग्टन सरोवरावरील १९४० चा पूल पन्नास वर्षे चालला आणि २५ नोव्हेंबर १९९० रोजी त्याचा मोठा भाग बुडाला. त्या वेळी त्यावर दुरुस्तीचे काम चालू होते. कामासाठी पेट्यांना केलेली भोके व झाकणे उघडी राहिली होती, कामातील पाणी पेट्यांमध्येच साठविलेले होते आणि त्यात पावसाचे पाणी शिरत गेले. अर्धे शतक वादळांना दाद न देणारा पूल उघड्या झाकणांनी बुडविला. आपल्या पुलांना अशी झाकणे नसतात, पण तशाच क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टी असतात. कठड्याच्या सांध्यात रुजलेला पिंपळ, पाणी निघण्याची बुजलेली नळी, खांबाच्या बुंध्याशी पुराने खरवडलेला खड्डा. हा खड्डा सर्वांत धोकादायक. पुरात पाण्याचा भोवरा खांबाभोवतीची माती उकरतो. पूर ओसरताना थोडा गाळ तेथे परत बसतो आणि वरून सारे ठीक दिसते. पुलाजवळच्या वाळूचा उपसा झाला की ही खरवड आणखी वाढते. खांबाजवळून वाळू नेणारा ट्रॅक्टर गावातलाच असतो आणि त्याच्या मालकाचे नावही गावाला माहीत असते, एवढे सांगून मी पुढे जातो.

सार्वजनिक बांधकाम विभागाने पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पुलांची तपासणी करावयाची असते. शाखा अभियंत्याकडे पूल अनेक आणि दिवस थोडे असतात. पण पुलाजवळच्या गावाला तो रोज दिसतो. हे रोजचे पाहणे लिहून ठेवण्याची सवय आपल्याला नाही. माझी सूचना लहान आहे. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत किंवा शेजारी नदीवर पूल अथवा रपटा आहे, तिने एक वही ठेवावी. पुराचे पाणी कोणत्या तारखेला, किती वाजता, खांबावरील कोणत्या खुणेपर्यंत चढले आणि रपटा किती तास बंद राहिला, एवढे तिच्यात लिहावे. हे काम शाळेतील वरच्या वर्गांची मुले शिक्षकांच्या देखरेखीखाली उत्तम करतील. अट एकच : पूर असताना कोणीही काठाखाली उतरावयाचे नाही, खूण लांबून वाचता येईल इतकी ठळक हवी, आणि ती रंगविण्यापूर्वी बांधकाम उपविभागाची संमती घ्यावी. पाच-दहा पावसाळ्यांची अशी वही ज्या दिवशी नव्या पुलाची उंची ठरत असेल, त्या दिवशी अभियंत्याच्या टेबलावर असली, तर तिची किंमत कळेल. मेळघाटात, जेथे रपट्यावरून पाणी गेले की पाडे तुटतात, तेथे तर ही नोंद आरोग्य केंद्रालाही हवी. प्रसूतीची तारीख जवळ आलेल्या स्त्रीला पावसाच्या झडीपूर्वीच नदीच्या अलीकडे आणावयाचे की नाही, हे त्यावरून ठरविता येते.

याशिवाय ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात प्रत्येक नदीकाठच्या गावाने एक पान घालावे. पूल उद्या बंद झाला तर रुग्णवाहिका कोणत्या वाटेने येईल, ती वाट पावसाळ्यात जड वाहन सोसते काय, वाटेतील कोणता नाला अडवितो, दूध आणि भाजी कोठे गोळा करावयाची, महाविद्यालयाच्या मुलांसाठी बस कोठून सुटेल. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ नुसार जिल्ह्याची योजना असतेच. पण जिल्ह्याच्या योजनेला प्रत्येक नाल्याचे नाव माहीत असणे शक्य नाही. ते गावाने कळवावयाचे. पर्यायी वाटेवरचा एखादा पडका मोरीपूल आधीच दुरुस्त करून घेणे हे मोठ्या पुलाच्या मानाने फार थोड्या खर्चाचे काम आहे, आणि बंदच्या दिवसांत जड वाहने त्या वाटेवर एकदम लोटली की ती दुरुस्ती दुप्पट महाग पडते.

हे पान लिहिताना गावातील म्हाताऱ्या माणसांना अवश्य बोलवावे. पुलापूर्वी नदी कोठून उतरत असत, डोंगा कोठे लागे, कोणत्या वळणावर तळ टणक आहे, हे अजून सांगू शकणारी माणसे पूर्णेच्या दोन्ही काठांवर थोडीच उरली आहेत. मे महिन्यात पात्र उघडे असते. त्यांना सोबत घेऊन ती जागा प्रत्यक्ष पाहता येईल, तलाठ्याकडून त्या वाटेचा नकाशा काढून घेता येईल आणि पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेपुढे तो ठेवता येईल.